माळव्याची गाद, मुंबईचे तेल

सोयाबीनचे कच्चे तेल प्लांटमधून बाहेर पडते तेव्हा ते गढूळ असते. टाकीत काही दिवस स्थिर राहिले की तळाशी तपकिरी, चिवट, बोटाला लागली तर सहज न सुटणारी गाद बसते. ती काढल्याशिवाय तेल शुद्ध करता येत नाही. म्हणून तेल साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात शेकडा दोन-अडीच भाग पाणी ढवळतात. तेलात विरघळून राहिलेले फॉस्फोलिपिड हे पाणी पिऊन फुगतात, जड होतात आणि सेंट्रीफ्यूजमध्ये तेलापासून वेगळे पडतात. धंद्यात या कामाला डीगमिंग म्हणतात. निघालेला गम वाळवला की मधासारखे दाट द्रव्य हाती येते, ते लेसिथिन. चॉकलेट, बिस्किटे, औषधाच्या कॅप्सूल अशा कितीतरी ठिकाणी ते तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळवून देते. देवास, इंदूर, उज्जैन या पट्ट्यात सोयाबीन गाळणारे कारखाने असल्याने ही गाद इथे हंगामात रोज निघते, आणि तिचा बराच भाग परत डीओसीत, म्हणजे तेल काढून घेतलेल्या पेंडीत, मिसळून टाकला जातो. या प्रकरणात एकच प्रश्न तपासायचा आहे: जे द्रव्य खाण्याच्या तेलाला पाण्यात बसवते, ते खनिज तेलालाही बसवू शकेल का, आणि बसवत असेल तर कोणत्या अटींवर?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, ‘वनस्पतिजन्य सर्फॅक्टंट’ हे शब्द आता मालाच्या डब्यावरही दिसतात आणि प्रबंधांच्या शीर्षकांतही. रिठा, शिकेकाई, हिंगण, मोह, सोयाबीन, एरंड या सगळ्यांना एकाच नावाखाली बसवले जाते, जणू झाडापासून मिळणे हाच एक रासायनिक गुण आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. झाड हे या द्रव्याचे माहेर झाले. खनिज तेलावर ते कसे वागेल हे त्याच्या रेणूची घडण, समोरचे तेल, पाण्यातले क्षार आणि ढवळण्याचा जोर या चार गोष्टींवर ठरते. त्यामुळे कोणते द्रव्य चांगले याचा निवाडा फेस पाहून करता येत नाही. तो तेलाच्या थेंबाचा आकार मोजून आणि त्या पाण्यातला मासा जगतो की मरतो हे पाहूनच करावा लागतो. या कसोटीवर माळव्यातली सगळ्यांत ओळखीची वनस्पतिद्रव्ये एकमेकांपासून फार दूर जाऊन पडतात.

थेंबाच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे एका हिशेबाने कळेल. एक लिटर तेल पाण्यावर एक मिलिमीटर जाडीच्या थरात पसरले तर ते एक चौरस मीटर जागा व्यापते. तेच लिटरभर तेल १० मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत फोडले, तर त्या सगळ्या थेंबांचे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. तेल खाणारे जिवाणू तेल आणि पाणी यांच्या सीमेवरच काम करतात, म्हणजे त्यांना ६०० पट मोठे शेत मिळाले. शिवाय थेंब लहान झाला की तो वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने घटतो. मुंबई हायसारख्या हलक्या तेलाचा १०० मायक्रॉनचा थेंब समुद्राच्या पाण्यात तासाला तीन-चार मीटर वर चढेल. १० मायक्रॉनच्या थेंबाला मीटरभर चढायला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. तेवढ्यात लाटा आणि प्रवाह त्याला दूर पांगवतात आणि तो पुन्हा पृष्ठावर साय धरत नाही. पण तेल स्वतःहून असे फुटत नाही, कारण तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक ताण असतो. समुद्राचे पाणी आणि कच्चे तेल यांच्यात तो साधारण २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सर्फॅक्टंटचा रेणू एका टोकाने पाण्याला आणि दुसऱ्याने तेलाला धरून या सीमेवर उभा राहतो. त्याने दोन कामे करायला हवीत: ताण उतरवून थेंब फुटणे सोपे करायचे, आणि फुटलेले थेंब एकमेकांना भेटले तरी त्यांना पुन्हा एक होऊ द्यायचे नाही. अशा मिश्रणाला रसायनशास्त्रात पायस म्हणतात. पहिले काम जमणाऱ्याला दुसरे जमेलच असे नाही, आणि पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

वनस्पतितेल, खार आणि पाणी यांचे पायस करून काम साधण्याची विद्या धार जिल्ह्याला नवी नाही. कुक्षीजवळच्या बाग गावात खत्री कारागीर जे ठशांचे कापड छापतात, त्याची सुरुवात छपाईच्या बऱ्याच आधी होते. कोरे कापड धुऊन, आपटून त्यातली खळ काढतात. मग एरंडेल, संचोरा नावाचा कच्चा खार आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते भिजवतात, पायांनी तुडवतात, रचून ठेवतात, वाळवतात आणि हा क्रम पुन्हा करतात. त्यानंतर हिरड्याचे पाणी, मग ठसे, आणि शेवटी बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यातली धुलाई. खारामुळे एरंडेलाचा थोडा भाग साबणात बदलतो, आणि तो साबण उरलेल्या तेलाला बारीक थेंबांत फोडून सुताच्या आत पोहोचवतो. हे तेल धाग्यात बसल्यामुळेच अलिझरिनचा लाल रंग पुढे कापड धरून राहतो. नुसते एरंडेल कापडाला चोपडले असते तर डाग पडले असते. युरोपातले रंगारीही तुर्की लाल रंगासाठी तेल, शेण आणि खार यांची अशीच लांबलचक कसरत करत. १८६९ मध्ये अलिझरिन कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि त्याच्या पाठोपाठ ही कसरत आटोपती व्हावी म्हणून एरंडेलावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून टर्की रेड ऑइल बनवले गेले. साबणानंतर माणसाने कारखान्यात तयार केलेल्या पहिल्या सर्फॅक्टंटांत त्याची गणना होते. म्हणजे आजच्या डिटर्जंटांच्या घराण्याचे मूळ शोधत गेलो तर वाटेत एरंडाचे झाड लागते, आणि ज्या कामासाठी ते घराणे जन्मले ते काम बागमध्ये अजून जुन्या रीतीने चालू आहे.

बागच्या पद्धतीतून आपल्या प्रश्नासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे तेल कोणते, खार किती, तुडवायचे किती, हे सारे एका ठरलेल्या कापडासाठी पिढ्यांच्या अनुभवाने बसवलेले आहे. तेल बदलले की सगळी घडी मोडेल. खनिज तेलाचे तर विचारायलाच नको. मुंबई हायचे तेल हलके आणि पातळ, राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला क्षेत्राचे मेणाने भरलेले, इतके की ते गोठू नये म्हणून वाहिनी तापती ठेवावी लागते. या दोन्हींवर एकच द्रव्य सारखेच चालेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे एकाच किल्लीने गावातली सगळी कुलुपे उघडायला निघणे.

आता रिठा. धार-देवासकडे पवारांच्या काळापासून नांदणाऱ्या मराठी घरांत काय किंवा पुण्या-साताऱ्यात काय, रिठ्याला ओळख करून देण्याची गरज नाही. त्याच्या सालीत वजनाच्या सुमारे दहा टक्के सॅपोनिन असते. सॅपोनिनच्या रेणूत ट्रायटर्पीनचा कडक, तेलाला धरणारा सांगाडा असतो आणि त्याला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात; त्या पाण्याला धरतात. साबणासारखा ऋण भार त्याच्यावर नसल्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार त्याला सहजी निकामी करू शकत नाहीत. माळव्याच्या काळ्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यात साबण फाटतो आणि बादलीला पांढरा थर धरतो, पण रिठा फेसाळतो. समुद्राच्या पाण्यात तर शेकडा साडेतीन भाग क्षार असतात, तेव्हा हा गुण मोठाच. म्हणूनच अमेरिकेत लुईझियानात १९९० च्या दशकात दूषित माती रिठ्याच्या पाण्याने धुण्याचे प्रयोग झाले, आणि पुढे तेलविहिरीतले अडकलेले तेल सोडवण्यासाठीही रिठा तपासला गेला.

पण इथेच मोजमापाची अडचण उभी राहते. वनस्पतिद्रव्यांच्या अनेक अभ्यासांत एक सोपी कसोटी वापरतात: नळीत तेल आणि द्रव्याचे पाणी सारख्या प्रमाणात घ्यायचे, जोराने हलवायचे, २४ तास ठेवायचे, आणि मधला दुधाळ थर एकूण उंचीच्या किती टक्के आहे ते मोजायचे. रिठा या कसोटीत सहसा चांगला उतरतो. तरीही या आकड्यातून थेंब १० मायक्रॉनचे आहेत की १०० चे, हे कळत नाही. तेल पाण्यात आहे की पाणी तेलात, हेही कळत नाही. सॅपोनिन सीमेवर घट्ट, लवचीक कातडीसारखा पापुद्रा धरते. त्यामुळे एकदा जोराने फोडलेले थेंब टिकतात, पण मुळात फोडणे फारसे सोपे होत नाही, कारण ताण काही मिलिन्यूटनांच्या खाली सहसा जात नाही. खडकाच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून तेल हलवायचे तर तो ताण एका मिलिन्यूटनच्या हजाराव्या भागाच्या आसपास यावा लागतो. एकट्या रिठ्याकडून ते होणार नाही. टाकीतला गाळ धुणे, तेलकट माती धुणे, यंत्राचे सुटे भाग साफ करणे अशा ठिकाणी ढवळण्याचा जोर आपल्या हातात असतो आणि पाणी परत गोळा करता येते. रिठ्याची योग्य जागा तीच.

खुल्या समुद्रात आणखी एक गोष्ट आडवी येते. कच्च्या तेलात स्वतःचीच सर्फॅक्टंट असतात: अस्फाल्टीन, रेझिन, नॅफ्थेनिक आम्ले. ती पाण्यापेक्षा तेलाला जास्त धार्जिणी असतात. सीमेवर बसलेले द्रव्य ज्या बाजूला अधिक विरघळते ती बाजू बाहेरची होते, हा बँक्रॉफ्टचा जुना नियम आहे. त्यानुसार ही द्रव्ये पाण्याचे थेंब तेलात अडकवून ठेवतात. लाटा जसजशा घुसळतात तसतसे तेल पाणी पीत जाते, आणि निम्म्याहून अधिक, कधीकधी पाऊण भाग पाणी असलेला तपकिरी, लोण्यासारखा दाट चिखल तयार होतो. त्याचे आकारमान मूळ तेलाच्या दुपटी ते चौपटीवर जाते आणि पंपाने तो ओढणेही अवघड होते. गोव्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी जे डांबरी गोळे येतात, ते अशाच सांडलेल्या तेलाचा झिजून उरलेला अवशेष असतात. म्हणजे बाहेरून टाकलेल्या वनस्पतिद्रव्याला मोकळी सीमा मिळत नाही. तेलाच्या घरच्या मंडळींना हटवून, पायसाची दिशा उलटवून जागा मिळवावी लागते, आणि तीही पहिल्या काही तासांत. तेलाने पाणी पिऊन घट्टपणा धरला की कोणतेही द्रव्य त्यात शिरता शिरत नाही.

या कसोटीला एकटे लेसिथिनही पुरे पडत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. त्याच्या रेणूला दोन लांब शेपट्या आणि एक डोके असते. आकार जवळजवळ नळकांड्यासारखा. असे रेणू शेजारी शेजारी उभे केले की सपाट भिंत होते, लहान थेंबाभोवतीचा वळसा त्यांना घेता येत नाही. पाण्यात टाकले तर ते आपापसांतच पापुद्रे धरून बसतात. इथे त्याला जोडीदार लागतो. मेरीलँड विद्यापीठातले श्रीनिवास राघवन, तुलेन विद्यापीठातले विजय जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात सोया लेसिथिन आणि ट्वीन ८० यांचे मिश्रण कच्च्या तेलावर तपासले. ट्वीन ८० आइस्क्रीममध्येही वापरतात. त्याचे पाण्याला धरणारे डोके मोठे, पसरट असते. ६० भाग लेसिथिन आणि ४० भाग ट्वीन या मेळाने केलेले पायस, दोहोंपैकी कोणतेही एकटे वापरल्यापेक्षा जास्त टिकले. लेसिथिनने सीमा दाट भरून काढली आणि ट्वीनच्या लांब साखळ्यांनी थेंबांना एकमेकांपासून हातभर दूर ठेवले, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. पुढच्याच वर्षी घानाचे संशोधक इमॅन्युएल न्यान्कसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लेसिथिनचे भाग वेगळे करून पाहिले. फॉस्फॅटिडिल इनोसिटॉल ज्यात जास्त आहे तो भाग तेल पांगवण्यात फॉस्फॅटिडिल कोलीनच्या भागापेक्षा सरस ठरला. इनोसिटॉल हे साखरेसारखे, पाण्याला आवडणारे डोके आहे. माळव्याच्या दृष्टीने दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत. गाद जशीच्या तशी उपयोगाची नाही, पण तिच्यात उपयोगाचे काय आहे आणि ते कसे वेगळे काढायचे, हे ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, ट्वीन ८० मिसळल्यावर ते वनस्पतिजन्य कसे? आक्षेप रास्त आहे. ट्वीनमधले ओलिक आम्ल वनस्पतितेलातून येते, सॉर्बिटॉल मक्याच्या साखरेतून. पण त्यांना जोडलेले इथिलीन ऑक्साइड खनिज तेलापासून होते. मी आणखी पुढे जाईन: सोयाबीनमधून तेल काढायला जे हेक्झेन वापरतात तेही खनिज तेलाचेच. शंभर टक्के झाडाचे असे औद्योगिक द्रव्य शोधत बसलो तर हाती फार थोडे उरेल. म्हणूनच मूळ कुठले या प्रश्नावर अडून राहण्यात मला अर्थ दिसत नाही. पाण्यात गेल्यावर ते किती दिवसांत मोडते, मोडल्यावर काय उरते आणि मधल्या काळात कोणाला इजा करते, हे विचारायला हवे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन दुर्घटनेत विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत होते. त्यावर सुमारे ७० लाख लिटर पांगवणारी द्रव्ये ओतली गेली, आणि त्यांतल्या एका घटकाचे, डायऑक्टिल सोडियम सल्फोसक्सिनेटचे, अंश दोन महिन्यांनंतरही खोल पाण्यात सापडले. लेसिथिनसारख्या खाद्य द्रव्यांकडे संशोधक वळले ते या अनुभवानंतर.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. झाडाचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज मोहाच्या पेंडीने केव्हाच खोटा पाडला आहे. धार जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात मोह घरचाच. त्याच्या बियांचे, टोळंबीचे, तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत चार ते सहा टक्के सॅपोनिन असते. मत्स्यशेतीत बीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी ही पेंड मुद्दाम टाकतात: मीटरभर खोल पाण्याच्या एका हेक्टरला सुमारे २,५०० किलो, म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम. त्यात सॅपोनिन जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम पडते, आणि तेवढ्याने मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांनी विषार ओसरून पेंडीचे खत होते. आता रिठ्याकडे पाहा. त्याचे सॅपोनिन तेलावर धड काम करू लागते ते लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या पातळीवर. मोह आणि रिठा यांची सॅपोनिने वेगळी आहेत, माशागणिक सोसण्याची ताकदही वेगळी. तरी या दोन आकड्यांतले अंतर पाहिल्यावर रिठ्याचे पाणी तळ्यात किंवा खाडीत ओतायला हात धजावू नये. देवास जिल्ह्यात २००६ नंतर शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने हजारो शेततळी खोदली. ज्या जिल्ह्याला एकेकाळी रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे त्या पाण्याची किंमत कोणाला सांगायला नको. डिझेल सांडलेल्या तळ्यावर ‘नैसर्गिक’ म्हणून कोणी सॅपोनिनयुक्त द्रव्य फवारायला आणले, तर ते आधी नाकारावे. लेसिथिन या बाबतीत वेगळे आहे. ते प्रत्येक पेशीच्या पडद्याचाच घटक आहे. जीव त्याला ओळखतात आणि पचवतात. तरीसुद्धा तेल आणि लेसिथिन एकत्र असताना माशावर काय होते हे स्वतंत्र तपासावे लागेल, कारण बारीक झालेले तेल कल्ल्यांपर्यंत सहज पोहोचते.

इथून तिसरा आक्षेप निघतो: पांगवलेले तेल नाहीसे होत नाही, डोळ्यांआड होते. हे खरे आहे. १९६७ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा सुमारे १०,००० टन डिटर्जंट द्रव्य वापरले गेले. त्या द्रव्यांतल्या जहाल द्रावकांनी खडकांवरच्या शंख-शिंपल्यांची जी हानी केली ती तेलाने केलेल्या हानीहून अधिक होती. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले आणि उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर, खारफुटीत गेले. ते कच्चे तेल नव्हते, जहाजाचे जड इंधन होते, आणि जागा होती उथळ खाडीच्या तोंडाशी. अशा ठिकाणी पांगवणे म्हणजे तेल कोळंबीच्या पिलांच्या तोंडी देणे. तिथे तरते कुंपण घालून तेल गोळा करणेच योग्य. पण किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात, मुंबई हायसारखे हलके तेल सांडले, समुद्र खवळलेला असल्याने कुंपण टिकत नाही आणि वारा किनाऱ्याकडे आहे, अशी स्थिती पावसाळ्यात सहज येऊ शकते. तेव्हा पर्याय दोनच उरतात. तेल एकवट किनाऱ्याला, खारफुटीला, पक्ष्यांच्या पंखांना लागू द्यायचे, किंवा ते खोल पाण्यात विरळ करून जिवाणूंच्या हवाली करायचे. दुसऱ्यात कमी नुकसान आहे, असे मी म्हणेन, आणि त्या वेळी हाताशी असलेले द्रव्य शक्य तितके सौम्य असावे यासाठीच ही सारी खटपट आहे.

खाण्याची वस्तू समुद्रात कशाला घालायची, असेही विचारले जाईल. त्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. ८०० टन तेल पांगवायला एकास वीस या प्रमाणात ४० टन द्रव्य लागेल. त्यातला निम्मा भाग द्रावकाचा धरला, तर सर्फॅक्टंट २० टन, आणि त्यात ६० टक्के लेसिथिन म्हणजे १२ टन. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास. त्या तेलात दोन टक्के फॉस्फोलिपिड धरले तर टनभर सोयाबीनमागे, त्यात चिकटून राहणारे तेल जमेस धरून, पाचेक किलो लेसिथिन निघते. तेव्हा १२ टनांसाठी सुमारे २,४०० टन सोयाबीन गाळावे लागेल. दिवसाला काहीशे टन गाळणाऱ्या एका प्लांटची ती आठवडा-दीड आठवड्याची उपनिपज झाली, आणि तेल व पेंड ज्याच्या त्याच्या वाटेने गेलेच. कोणाच्या ताटातले यात काही कमी होत नाही. उलट, ज्या शेतकऱ्यांनी खरिपात पडीक राहणारी काळी जमीन सोयाबीनखाली आणली, ज्यांच्या मालासाठी १९७९ मध्ये इंदूरला प्रक्रियादारांची संघटना उभी राहिली आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र आले, त्यांच्या दाण्यातला हा एक भाग आज पेंडीच्या भावात जातो.

धार जिल्ह्यात खलघाटला आग्रा-मुंबई रस्ता नर्मदा ओलांडतो, आणि तेलाचे टँकर त्या पुलावरून रात्रंदिवस जातात. तिथे कधी अपघात झाला तर या प्रकरणात सांगितलेले कोणतेही द्रव्य नदीत टाकू नये. गोड्या, वाहत्या आणि पिण्याच्या पाण्यात तेल अडवायचे आणि उचलायचे असते. लेसिथिनचे काम समुद्रावर आहे, आणि तिथे ते नेण्याआधी आपल्या तेलावर, आपल्या पाण्यात त्याची परीक्षा व्हायला हवी. ती परीक्षा अवघड नाही. दीडशे मिलिलिटरचा खाचांचा चंबू, त्यात १२० मिलिलिटर समुद्राचे पाणी, वर मिलिलिटरच्या दहाव्या हिश्शाइतके तेल, त्याच्या पंचविसाव्या भागाइतके द्रव्य, मिनिटाला २०० फेरे, दहा मिनिटे ढवळणे, दहा मिनिटे थांबणे, आणि तळातल्या पाण्यात किती तेल उतरले ते मोजणे. तेल पांगवणारी द्रव्ये तपासण्याचा अनुभव गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आहे, आणि समुद्रात ती वापरू देण्याचा अधिकार तटरक्षक दलाकडे. माळव्यातल्या सोया उद्योजकांनी आपल्या गादीचे फॉस्फॅटिडिल इनोसिटॉलयुक्त भाग वेगळे करून, चांगल्या बंद डब्यांत, एकदा तरी गोव्याला तपासणीसाठी पाठवावेत.